शेवगा पाडला, अक्का

प्रिय अक्का,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं कधी मनात आलं नव्हतं. पण काल तुझ्या अंगणातला शेवगा पाडला, आणि ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहितेय. तुझं सगळं आधी शेजारच्या नसीमाभाभीला कळायचं. निदान हे तरी मी सांगते!

तू गेल्यापासून घर बंद. तुला मूलबाळ नाही, म्हणून चावी माझ्याकडं. पण इथली बेंबळीच्या शेतातली कामं सोडून धाराशिवला येणं होईना. अंगणात कमरेएवढं गाजरगवत माजलं. मधुमालती विजेच्या तारेवर चढली. शेवग्यावरचे केसाळ सुरवंट भिंतीपलीकडं भाभीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायला लागले, तिच्या नातीच्या अंगावर गांध्या उठल्या. नगरपालिकेत तक्रार गेली. कुणी केली? तुझ्या लाडक्या भाभीनंच!

आधी तिचे फोन येत होते. मी उचलत नव्हते. तीसुद्धा तुला अक्काच म्हणते, तेही मला खुपतं. सख्खी बहीण मी, आणि तू काय म्हणायचीस ते मला शेजारणीनं सांगायचं?

शेवटी नोटीस आली, म्हणून काल सकाळच्या एसटीनं आले. नगरपालिकेची माणसं कुऱ्हाडी-कोयते घेऊन दारात उभी, आणि भाभी त्यांना चहा देतेय. माझं डोकंच फिरलं.

"माझ्या अक्काच्या घराची तक्रार करताना काहीच वाटलं न्हाय तुम्हाला?"

"लई वाटलं," ती म्हणाली. "अक्कांच्या दारात कधी वाळकं पान दिसलं न्हाय. आता लोक नाक मुरडत जातात. बघवंना मला."

गवत निघालं, वेल उतरली. शेवग्याला कुऱ्हाड लागणार, तशी मी आडवी झाले. अक्कानं लावलाय, हात लावायचा न्हाय!

तेव्हा भाभी हळूच म्हणाली, "अक्कांना तो नकोच होता. दर पावसाळ्यात सुरवंट झाडून थकायच्या. मी म्हणायचे, पाडून टाका. तर म्हणायच्या, सुशी शेंगा न्यायच्या निमित्तानं तरी येते. झाड गेलं तर यायची बंद व्हईल."

अक्का, असं वाटायचं तुला? अगं, शेंगा तर आमच्या बांधावर ढीगभर लागतात! तू पिशवी भरून हातात द्यायचीस, मग नको कसं म्हणू? मी तुलाच भेटायला यायचे गं. एकदा तरी विचारायचंस! तिला सांगितलंस, मला नाही. तुझी शेवटची वर्षं माझ्यापेक्षा तिच्याच वाट्याला जास्त आली. जळते मी तिच्यावर. आता तर जास्तच.

"पाडा," मी म्हणाले.

झाड पडलं तेव्हा भाभी रडली. तिच्यादेखत रडायचं नाही, असं मी ठरवून आले होते. जमलं नाही.

तर अक्का, शब्द देते. दर महिन्याला येईन, दारं-खिडक्या उघडीन, अंगण झाडीन, गल्लीत कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही. आणि मग भाभीच्या ओट्यावर बसून, तू तिला जे जे सांगितलंस ते एकेक करून तिच्याकडून काढून घेईन. एवढीशी गोष्टसुद्धा तिच्या एकटीकडं राहू देणार नाही!

तिच्या आधीपासून तुझी,
सुशी