एका गळवामागे सहा शर्ट

तीर्थस्वरूप ताईस,

दोन्ही हातांनी नमस्कार. (उजवा अंगठा अजून नीट वाकत नाही, तरी तो नमस्कारात धरून घ्यावा.) तुझी तब्येत उत्तमच असणार, कारण मागच्या पत्रात तू मला साडेतीन पानं रागावली आहेस आणि अशक्त माणसाला ते जमत नाही. भावोजींचा गुडघा कसा आहे? त्यांना वरच्या खोलीचा जिना फार चढायला लावू नकोस. ती खोली तू माझ्यासाठी रंगवून घेतलीस, पडदे लावलेस आणि दर रविवारी भावोजींकडून झाडून घेतेस, हे मला त्यांच्याच चिठ्ठीवरून कळलं. (चिठ्ठीचा सूर फारसा आनंदी नव्हता.) तेव्हा मुद्द्याचं आधी सांगून टाकतो: मी या महिन्यातही येत नाही. दुकान बंद करून कायमचा तुझ्याकडे राहायला येईन असा शब्द मी दिला होता, मान्य. हिला जाऊन सहा वर्षं झाली, एकट्या माणसाने शिलाई मशीनशी किती दिवस गप्पा मारायच्या, हे तुझं म्हणणंही मान्य. पण सामान हलवायला जमवलेले पैसे मांजराच्या गळवात गेले, त्याला मी काय करू?

मांजराला असं लागतं तरी काय, असं तू विचारलं आहेस. ऐक तर. मॅनेजर म्हणजे आमच्या दुकानातला पिवळा बोका. काम काडीचं करत नाही आणि दिवसभर काउंटरवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघतो, म्हणून गिऱ्हाइकांनीच त्याला हे नाव दिलं. चार महिन्यांपूर्वी त्याचा डावा गाल सुजला. मला आधी वाटलं, अक्कलदाढ येत असेल. (मांजराला अक्कलदाढ नसते, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. माझ्याकडे बघून, मलाही नसावी असा त्यांचा समज झालेला दिसला.) सूज किती ते कळावं म्हणून मी टेप घेऊन दोन्ही गालांचं माप घ्यायला गेलो. उजव्या गालाचं घेतलं. डावीकडे वळलो आणि त्याने माझा अंगठा धरला तो सोडीचना. शेवटी त्याला कोटाच्या पिशवीत घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत पिशवी इतक्या मोठ्याने ओरडत होती की दोघा-तिघांनी मला अडवून चौकशी केली.

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या बोक्याने चावा घेतलाय, वरून कातडी बुजली आणि आत पू झाला. मग भूल दिली, गाल भादरला, चिरा दिला. पुढचा वास मी लिहीत नाही, कागद खराब होईल. तपासणीचे वेगळे, भुलीचे वेगळे, चिऱ्याचे, धुण्याचे, इंजेक्शनचे, गोळ्यांचे वेगळे असं करत करत जे बिल हातात आलं ते बघून माझे डोळे पांढरे झाले. तुला माहीत आहे, मला कुठलीही रक्कम शिलाईत मोजायची सवय आहे. तर ते गळू सहा शर्टांना पडलं, आणि सहाही लांब बाह्यांचे! माझं स्वतःचं अपेंडिक्स काढलं तेव्हासुद्धा इतकी काटछाट झाली नव्हती.

त्यावर डॉक्टरांनी जखम खाजवू नये म्हणून गळ्यात घालायचं प्लॅस्टिकचं नरसाळं पुढे केलं. त्याचा आणखी एक शर्ट! मी हात जोडले. म्हटलं, डॉक्टर, पस्तीस वर्षं मी कॉलरी शिवतोय, तुम्ही मला कॉलर विकता? घरी येऊन कॉलरीत घालायचं उत्तम कडक बकरम कापलं, दोन घड्या घातल्या, चारी बाजूंनी टीप मारली. अशी कॉलर बसली ताई, की मॅनेजर नोकरीच्या मुलाखतीला निघाल्यासारखा दिसायला लागला. फक्त एक घोटाळा झाला. पस्तीस वर्षांच्या सवयीने मी ती कॉलर खाली दुमडली. त्या दुमडलेल्या कॉलरवर मान टेकून त्याने आरामात पंजा ओला केला आणि रात्रभर गाल घासला. सकाळी जखम उघडी. पुन्हा पिशवी, पुन्हा डॉक्टर, पुन्हा तीन शर्ट.

तिथे बाकावर एक बाई मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या. मॅनेजरची कॉलर बघून त्या इतक्या हसल्या की टोपलीतलं मांजर घाबरलं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे, घरी दुसरं माणूस नाही, आणि टोपलीत त्यांचा काळा बोका होता, नाव गठ्ठा. त्यालाही गळू, शेपटीच्या बुडाशी. तारखा जुळवल्या तेव्हा उलगडा झाला की ही दोन्ही गळवं एकाच मारामारीतली. मी आपलं सहज, डॉक्टरांकडून ऐकलेलं ज्ञान पाजळलं, की समोरून लढणाऱ्याला तोंडावर जखम होते आणि पळून जाणाऱ्याला शेपटीवर. बाईंनी टोपलीचं झाकण लावलं आणि पुढचा अर्धा तास भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचला. मला वाटलं, संपलं. पण जाताना म्हणाल्या, “कॉलरीत पुठ्ठा घाला आणि वर उभी ठेवा. संध्याकाळी या, कापून देते.”

गेलो. त्यांनी पुठ्ठा कापला, कडेला बांधणीचं कापड चिकटवलं, मी बंद शिवले. दोन्ही बोक्यांना एकेक. (बाईंचा हात फार नेमका आहे. पट्टी न लावता सरळ कापतात, हे मी अजून कुणात बघितलं नाही. पुस्तकाचा कणा चिकटवताना त्या श्वास रोखून धरतात. याचा गळवाशी संबंध नाही, मी सांगितलं इतकंच.) तेव्हापासून दर बुधवारी मॅनेजरला तपासणीला न्यावं लागतं. कधी गाठ राहिलीय का बघायला, कधी केस नीट येतात का बघायला, कधी वजन करायला. हे डॉक्टरलोक एकदा माणूस हातात सापडला की सोडत नाहीत. आजवर एकूण सत्तावीस शर्ट झाले. तूच सांग, अशा अवस्थेत मी खोके बांधू की मांजर सांभाळू? तेव्हा राग सोड. भावोजींना नमस्कार, आणि रविवारी त्यांना जरा बसू दे.

तुझा धाकटा,
शिंपी

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पण तुझ्याशी खोटं बोललं की मला झोप लागत नाही. डॉक्टर भला माणूस आहे. तिसऱ्या खेपेलाच त्यांनी सांगितलं होतं की आता येऊ नका, बोका बरा झाला. त्या खेपेपासून त्यांनी एक पैसा घेतलेला नाही. सत्तावीसपैकी अठरा शर्ट मी तुझ्यासाठी या पत्रातच शिवले. पैसे डब्यात तसेच आहेत.

ता. क. २. बुधवारी बाई गठ्ठ्याला घेऊन येतात. काल डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं आणि म्हणाले, गठ्ठाही अडीच महिन्यांपासून बरा आहे. तुम्ही दोघं ही धडधाकट मांजरं घेऊन दर आठवड्याला इथे का बसता ते मला माहीत नाही, पण तो बाक मला आजारी जनावरांसाठी हवा आहे. बाई लाल झाल्या. ताई, मला फार आनंद झाला. घरी येईपर्यंत मी मॅनेजरला तेच तेच सांगत होतो.

ता. क. ३. आता खरं काम. वरची खोली भावोजींना देऊन टाक आणि बाईंना एक पत्र लिही. पत्ता मागे लिहिलाय. घरात मोठी तू, मागणी तूच घाल. मला विचारता येत नाही. चार महिने मी त्यांच्याशी फक्त पुवाबद्दल बोललोय. पण उशीर करू नकोस. पुढचा बुधवार सहा दिवसांवर आलाय, बाक गेला, आणि माझ्याकडे आता एकही गळू शिल्लक नाही.