तापलेलं मैदान

शारजा,
१२ नोव्हेंबर १९९९

प्रिय कुमुद,

तुझं पत्र आणि आपल्या कॉलेजच्या जिमखान्याचं निमंत्रण, दोन्ही पोचली. घरी सगळे ठीक ना? तुझ्या लेकीची परीक्षा आटोपली का? इथे उकाडा ओसरलाय. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवता येते.

मशाल घेऊन मैदानाला फेरी मारायची म्हणतेस. दुसरं कुणी बघ गं. खो-खो, भालाफेक, व्हॉलीबॉल, रिले, सगळं खेळले म्हणून माझं कौतुक कसलं? तेव्हा खेळणाऱ्या मुलीच कमी. मिळेल त्या संघात आपल्याला ढकलायचे. शिवाय रजा मिळत नाही.

रजेचं खोटं आहे. सध्या रजाच रजा आहे.

सप्टेंबरात शाळा उघडली. नव्या मुलींना खो-खो शिकवायला नेहमीसारखे बूट-मोजे काढून, मैदानाला नमस्कार करून उतरले. त्यांनाही बूट काढायला लावले. दोन पावलांत किंचाळत मागे पळाल्या. हाफिजा ओरडली, "मॅम, पैर जल रहे हैं!" मी हसले. म्हटलं, "यल्ला, चलो, नाजूक बाहुल्यांनो, मेरे को देखो!" आणि त्यांच्या नाकावर टिच्चून खांब ते खांब पळून दाखवलं. मला चटका म्हणून जाणवला नाही. या वयातही आपण काटक, याचा केवढा अभिमान वाटला!

नंतर पुन्हा चढवलेले मोजे घरी काढले तर कातडीच त्यांच्याबरोबर आली. डायबिटीसने तळव्यांची जाणीवच गेली होती म्हणे. जखम चिघळत गेली. शेवटी डावं पाऊल काढलं.

परवा शाळेत गेले होते. प्रिन्सिपल भल्या आहेत. म्हणाल्या, "विनिता मॅम, व्हिसा तो जॉब पे है ना. डिसेंबर तक सँभाल लूँगी, इन्शाल्ला." मैदानावर शहनाझ नावाची नवी कोच होती. बूट घालूनच खेळवते. मुली सुरेख खेळत होत्या. मला बघून त्यांनी हात हलवला आणि पुन्हा खेळायला लागल्या. मला तिथेच मरावंसं वाटलं.

कुमुद, आधी खेळले, मग खेळवलं. दुसरं मला काही येत नाही. स्वयंपाकसुद्धा धड येत नाही. उरलेलं आयुष्य कशात घालवायचं, खरंच कळत नाही.

डिसेंबरअखेर येतेय. विमानतळावर तू एकटीच ये. चाकांच्या खुर्चीतून बाहेर आणतील, तेव्हा मला बघून धावू नकोस. सावकाश चालत ये.

तुझी,
विनिता