गच्चीवरची शीळ

प्रिय भिंगरी,

रोज फोनवर बोलतो तरी ताईने पत्र का पाठवलं, म्हणून तू आधी हसशील आणि मग बाबांना हाक मारून ते वाचून दाखवशील. दाखवू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि खरं म्हणजे तेच माझ्या पथ्यावर पडतं. आज तुला मध्येच तोंड घालता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

इथलं सगळं ठीक आहे. घर बाराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून खाली उभ्या केलेल्या गाड्या दिसतात आणि समोर दुसऱ्यांच्या खिडक्या. दवाखान्यात दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांचे एक्स-रे काढते, आणि ‘श्वास रोखा, हलू नका’ याखेरीज काही बोलत नाही. परवा लिफ्टमध्ये शेजारणीलासुद्धा ‘हलू नका’ म्हणाले, ती बिचारी खरंच थिजून उभी राहिली. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन पडले, इथे ना झाड ना पाखरू, असं तुला मी उठता-बसता ऐकवते. पण मी बघायलाच गेले नाही गं. दवाखान्याच्या मागे एक नाला आहे. झाडलोट करणाऱ्या मावशी सांगतात, तिथे बगळे उतरतात, मुंगूस फिरतं. मी आजवर तिकडे फिरकलेही नाही. मला गरजच नव्हती, माझं सगळं रान तू गच्चीवर सांभाळत होतीस.

ते वादळात घरट्यातून पडलेलं घारीचं पिल्लू आपण खोक्यात घालून घरी आणलं, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्याला चांगलं बजावलं होतं. पडद्याआडून भरवा, लाडीगोडी लावू नका. घार उडायला लागली की गच्चीच्या कठड्यावर मांसाचे तुकडे ठेवून शीळ घाला, म्हणजे तिला स्वतःचं पोट भरता येईपर्यंत आधार राहील. मग शीळ हळूहळू कमी करा आणि एक दिवस बंद करा. शीळ घालणं माझ्याकडे आलं, कारण तुझ्या तोंडातून नुसती हवा निघायची. आणि शीळ बंद करायची वेळ आली, नेमकी तेव्हाच माझी इथली नोकरी ठरली. मला सगळंच एकदम तोडवेना. म्हणून मीच तुला म्हटलं, की दर रविवारी गच्चीवर जाऊन फोन लाव, स्पीकर चालू कर, मी इथून शीळ घालते. तूही लगेच हो म्हणालीस. तू मला नाही म्हणतच नाहीस, हे मला माहीत होतं.

तिच्या पंखांचा आवाज, कठड्यावर नखं घासल्याचा आवाज फोनमधून यायचा आणि माझा आठवडा बरा जायचा. मांस आणायचीस तू, कठडा धुवायचीस तू, वाळत घातलेले कपडे खराब झाले म्हणून शेजारच्या काकूंची बोलणी खायचीस तू. मी फक्त ओठांचा चंबू करायचे. गेल्या रविवारी तू कौतुकाने सांगितलंस, की बाकीच्या घारी वर घिरट्या घालतायत आणि आपली मात्र सकाळपासून फोनची वाट बघत कठड्यावर बसलीय. मलाही कौतुक वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र ‘एक दिवस बंद करा’ हे शब्द आठवले. त्या डॉक्टरांना फोन करायची माझी हिंमत झालेली नाही, ते काय म्हणतील ते मला पाठ आहे.

आणि काल बाबांकडून कळलं, की समुद्रकाठच्या कासवांच्या केंद्रातून तुला बोलावणं आलं होतं. ज्या कामासाठी तू लहानपणापासून आमचे कान किटवलेस, तेच काम. तू मला न सांगता नाही म्हणून मोकळी झालीस. मी बाबांना कारण विचारलं. ते चिडले नाहीत, अगदी सहज म्हणाले, “ती कशी जाईल? तुझी घार आहे ना.” एका जागी घटकाभर न टिकणारी पोर तू, आणि तुला मी कठड्याला बांधून ठेवलं. तिलाही. बाबा म्हणाले, ती जागा अजून भरलेली नाही. आजच फोन कर त्यांना. या रविवारपासून मी शीळ घालणार नाही, तू फोन लावलास तरी उचलणार नाही. ती येऊन बसेल, ओरडेल, तुला भरून येईल. वर जाऊ नकोस, काही ठेवू नकोस. भूक लागली की बाकीच्या घारी जातात तिकडे जाईल, पंख धड आहेत तिचे. मला खूप जड जाणार आहे, पण ते माझं मी बघेन. तू सामान बांध.

तुझीच, आणि तुझी अपराधी,
ताई