बोट फिरवायचं राहिलं

प्रिय आई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि दोन ओळींमध्ये बोट मावेल एवढी जागा सोडलीय. शेजारच्या मावशींकडे पत्र नेऊ नकोस, सावकाश स्वतःच वाच. माझे परीक्षेचे तीन महिने शुक्रवारी संपले. नोकरी राहिली की गेली, ते क्रमाने सांगते. तू शेवटचं पान आधी उघडणार हे मला ठाऊक आहे, पण घाबरण्यासारखं काही असतं तर माझं अक्षर इतकं सरळ आलं नसतं.

फिरत्या वाचनालयाची गाडी तू अजून पाहिली नाहीस. तुझ्या पावाच्या गाडीची थोरली बहीणच समज. आत फळ्या तशाच, फक्त पावांऐवजी पुस्तकं, आणि वास तितका चांगला नाही. जुना ड्रायव्हर निवृत्त झाल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, ठरवलं की जी पुस्तकं सांभाळेल तिनेच गाडीही चालवायची आणि सांभाळायची. मला म्हणाल्या, कायम करण्याआधी एकदा तेल आणि फिल्टर माझ्यासमोर बदलून दाखव, रस्त्यात बंद पडलेल्या वाचनालयाचा कुणाला उपयोग नाही. मी लगेच हो म्हटलं आणि पुढचे तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

माझी ती वही आठवते? तू गाडीखाली आडवी आणि मी बाहेर उकिडवी बसून शंकांवर शंका विचारत तुझं बोलणं उतरवत असायचे, म्हणून तर तू मला शंकासूर म्हणायचीस. आणि म्हणायचीस, मी कधी शाळेत गेले नाही, तर शाळाच माझ्या गाडीपाशी येऊन बसलीय. इंजिन आधी जरा कोमट कर, गार तेल आळशासारखं उतरतं. फिल्टर म्हणजे घरातली थोरली सून, सगळ्यांची घाण गुपचूप पोटात घालते. तिचं पोट भरलं की तेल आडवाटेने, न गाळताच फिरतं. गाडी चालतच राहते, पण आतून झिजते. नवा फिल्टर हाताने आवळ, पान्याने आवळलेला पुढच्या खेपेला रडवतो. सगळं वहीत होतं. सतरा कलमं, आणि प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन.

शुक्रवारी आवारात मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. शेजारी वॉचमनकाका हाताची घडी घालून उभे. जुनं तेल काळ्या धारेने टबात उतरलं. जुना फिल्टर निघाला. नव्याच्या रबरी कडीला बोटाने तेल लावलं, हाताने आवळला, तेल भरलं, पट्टी काढून पातळी दोनदा पाहिली. मग तिसऱ्यांदा पाहिली. सतरा खुणा झाल्या. इंजिन सुरू केलं, आणि वॉचमनकाका शांतपणे म्हणाले, ताई, गाडीला घाम आलाय. घाम कसला, धारच लागली होती. मी झटकन इंजिन बंद केलं, तोवर नवं कोरं तेल फरशीवरून मोठ्या बाईंच्या चपलांपर्यंत पोचलं होतं. त्यांनी पाय वर घेतले आणि विचारलं, आता?

खरं सांगते, दुकानदाराने चुकीचा फिल्टर दिला असं जिभेवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, काय चुकलं ते मला माहीत नाही, बघून सांगते. आणि गाडीखाली शिरले. वही बाहेरच राहिली. फिल्टर काढला, आणि तो जिथे बसतो त्या गोल जागेवरून माझं बोट आपोआप फिरलं, तुझं फिरतं तसं. तिथे जुन्या फिल्टरची रबरी कडी चिकटून राहिली होती. काळ्यावर काळी, डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळते. मी जुन्या कडीवर नवी चढवली होती, मग तेल थांबणार कसं. आई, तू दरवेळी तिथे बोट फिरवायचीस, पण तोंडाचं तेव्हा भलतंच चालू असायचं. बेकरीवाल्याच्या नावाने खडे, नाहीतर माझ्या सुटलेल्या वेण्या. मी तुझं बोलणं उतरवलं, बोट उतरवायचं राहिलं.

कडी काढली, जागा पुसली, फिल्टर पुन्हा बसवला, तेल भरलं. काकांनी फरशीवर लाकडाचा भुसा टाकला. या वेळी इंजिन दहा मिनिटं चाललं आणि खाली थेंब नाही. मी ती कडी मोठ्या बाईंच्या हातात ठेवून चूक सांगितली. त्या म्हणाल्या, चुका करणारे पुष्कळ पाहिले, स्वतःची चूक हातात आणून देणारी तूच पहिली. मग चपला पुसायला फडकं मागितलं, आणि पुसता पुसता म्हणाल्या, सोमवारी अर्ज भर. कायम झाले गं आई.

अर्जात एक रकाना होता, आईचं काम. तिथे माझं पेन थांबलं. मोठ्या शाळेच्या अर्जात त्याच रकान्यात मी 'घरकाम' लिहिलं होतं. तुझी काळी नखं मला तिथल्या मुलींपासून लपवायची होती. तुला वाचता येत नाही म्हणून मी निर्धास्त होते, माझ्या अंकलिपीवर तू केव्हापासून अक्षरं गिरवत होतीस ते मला कुठे माहीत. सही करण्याआधी तू त्या कागदावरून एकेका ओळीवर बोट फिरवलंस. एका ओळीवर ते जरा थांबलं, मग पुढे गेलं. तू सही केलीस, आणि दुसऱ्या दिवसापासून मला शाळेच्या दारात न सोडता कोपऱ्यावर सोडू लागलीस. मला वाटायचं, तिथे गाडी लावायला जागा मिळते म्हणून. गाडीखाली पडल्या पडल्या बोट फिरलं, तेव्हा मला तो कोपरा कळला. तू ते 'घरकाम' वाचलं होतंस. हे पत्र त्यासाठी आहे. अर्जाची प्रत सोबत पाठवतेय. 'वाहनचालक आणि मेकॅनिक, मलाही हिनेच शिकवलं' असं लिहिलंय. रकान्यात मावलं नाही, समासात गेलंय. त्यावरून बोट फिरव. पुढच्या मंगळवारी, कायम झाल्यावरची माझी पहिली फेरी तुझ्या बेकरीवरून जाते. गाडी कोपऱ्यावर नाही, बरोबर दारात उभी करीन आणि हॉर्न दोनदा वाजवीन. हात पुसत बसू नकोस, तशीच बाहेर ये.

तुझीच,
शंकासूर