गाडीचे जादा दिवे

३ ऑक्टोबर, शनिवार
गाडीचा हेडलाईट कमी पडतो, हे आज सिद्ध झालं. बायकोला लॅबमधून आणताना रस्त्याच्या कडेला उभी असलेली हातगाडी दिसली नाही. डावा आरसा गेला. हातगाडीवाला म्हणाला, डोळे फुटले का तुमचे. लोकांना बोलायची रीत राहिलेली नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, सोमवारपासून मी लॅबच्या व्हॅननं येत जाईन. म्हटलं, अजिबात नाही. मी सकाळी ऑफिसला निघतो तेव्हा ती झोपलेली असते, तिची पाळी दुपारची. रात्री घरात शिरलं की ती ओट्यापाशी आणि मी टीव्हीपुढे. आमचं खरं बोलणं होतं ते गाडीवरच. मुलगी होणार हे तिनं मला मागच्या सीटवरून सांगितलं. मुलीनं परक्या शहरात घर घेतलं तेही तिथूनच.

निर्णय: दोन फॉग लॅम्प बसवायचे. घरीच. आपला हात जगन्नाथ.

४ ऑक्टोबर, रविवार
सामान आणलं. दोन लॅम्प, स्विच, वायर, फ्यूज. दुकानदार रिलेही गळ्यात मारत होता. बॅटरी आणि दिवा यांच्यामध्ये हा तिसरा कशाला? तो म्हणाला, रिले नाही लावला तर सगळा करंट स्विचमधून जाईल, स्विच जळेल. घ्यायला लावायची ही जुनी युक्ती. परत केला.

एका संध्याकाळचं काम आहे.

८ ऑक्टोबर, गुरुवार
हल्ली वायरींचे रंग फार फसवे काढतात. तपकिरी आणि काळी यांत काडीचा फरक नाही. जोडल्या, ठिणगी उडाली, फ्यूज गेला. बायको आज सुट्टीवर होती. बाल्कनीतून म्हणाली, अहो, तपकिरी काळीला का जोडलीत? दुसऱ्या मजल्यावरून तिला दिसलं. वरून चांगलं दिसतं, हे साहजिक आहे.

मग तिनं डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला. डोळ्यांचा इथे काय संबंध? समोरच्या दुकानाची पाटी मी अजून फोन नंबरासकट वाचतो. आमच्या घराण्यात कुणाला चष्मा नाही. वडील शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालायचे, पण ती त्यांची सवय होती.

११ ऑक्टोबर, रविवार
लॅम्प बसले. लागले नाहीत. मेहुणा वरच्या मजल्यावर राहतो, बँकेत आहे, व्हिडिओ बघून बघून सर्वज्ञ झाला आहे. जिन्यात उभा राहून म्हणाला, भावजी, अर्थिंग रंगावर दिलंय तुम्ही, रंगातून करंट जात नाही, बोल्टखालचा रंग खरवडा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. तो गेल्यावर खरवडला. दोन्ही लॅम्प लागले.

थोड्या वेळानं स्विचमधून वास आला. मग स्विच वितळला. हलक्या प्रतीचा माल.

१२ ऑक्टोबर, सोमवार
रिले आणला. दुकानदार एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
जोडणी फत्ते. आज दोन्ही फॉग लॅम्प लावून बायकोला आणायला गेलो. समोरून येणारे सगळे शिव्या देत होते, म्हणजे दिव्यांत दम आहे. तरी कडेचं तसंच अंधारात. ऐन वेळी कुठूनतरी माणसं उगवतात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. बायको पूर्वी मागे बसून घरचं बोलायची. लॅबमध्ये कोण कुणाशी भांडलं, मुलीचा फोन आला का, उद्या काय आणायचं. आता ती रस्ता वाचून दाखवते. डावीकडे सायकल आहे. उजवीकडून म्हातारी येतेय. हळू, हळू. घरी पोचेपर्यंत दुसरं काही नाही. मला फार एकटं वाटलं. दिवे नीट सेट झाले की ती पुन्हा बोलू लागेल.

१८ ऑक्टोबर, रविवार
दिवे सेट करायची पद्धत अशी: अंधार पडला की गाडी भिंतीसमोर उभी करायची, दिवे लावायचे, उजेड जिथे संपतो तिथे दोन्ही बाजूंना खडूनं खुणा करायच्या, मग लॅम्प लागतील तसे वळवायचे. बायकोच्या हातात खडू दिला, मी सीटवर बसलो, गाडी चालवताना ठेवतो तशी नजर सरळ समोर. मी सांगत गेलो, अजून आत ये, अजून आत, हं, इथे संपतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन खुणांमध्ये एक दार बसेल एवढीच जागा. म्हटलं, बघ, कसले भिकार लॅम्प दिलेत. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पण हसली नाही.

मग मेहुणा जिना उतरून आला, त्यानं तिच्याकडून खडू घेतला. एक खूण भिंतीच्या पार त्या टोकाला केली, पाण्याच्या मीटरशी. दुसरी या टोकाला, जिन्याच्या पायरीपाशी. म्हणाला, भावजी, उजेड इथपर्यंत आहे. मी म्हटलं, उगाच चेष्टा नको. बायकोनं मला खाली उतरवलं आणि हाताला धरून मीटरपाशी नेलं. मीटरवरचे आकडे दिसत होते. माझ्या हातावर उजेड होता.

भिंत पांढरी आहे, उजेड पसरत असणार. रस्ता काही पांढरा नसतो. बायको आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती.

२६ ऑक्टोबर, सोमवार
तिच्या समाधानासाठी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. नर्सनं शाबासकी दिली. मी बायकोकडे बघितलं.

नंतर एका मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली. मध्ये बघत राहायचं, कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके फार थोडे आले. नर्सनं तीनदा विचारलं, काका, झोप लागली का? मी तिला सांगितलं, बटणाचा कॉन्टॅक्ट लूज असणार, एकदा उघडून बघा. नाहीतर दोन मिनिटांत मीच बघतो.

बटण ठीक होतं म्हणे.

२ नोव्हेंबर, सोमवार
काचबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टरांनी कागदावर माझी नजर काढून दाखवली. मध्ये थोडं पांढरं, भोवती सगळं काळं. वडिलांना होता का, विचारलं. मी म्हटलं, त्यांना कधी दाखवलंच नाही.

गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. थेंब रोज, न चुकता. गाडी बंद. मी विचारलं, दिवसा? म्हणाले, दिवसाही नाही. त्यांना सांगितलं की गाडीला चांगले दिवे आहेत. डॉक्टर भला माणूस, त्यांनी मान डोलावली.

बायकोनं पाळी बदलून मागितली होती, मला न सांगता. मिळाली नाही. आता व्हॅन.

८ नोव्हेंबर, रविवार
गाडी मेहुण्याला दिली. चक्कर मारून आला आणि म्हणाला, भावजी, काय दिवे बसवलेत, अख्खा रस्ता दिवसासारखा दिसतो. वायरिंग एकदम पक्कं झालंय. मी म्हटलं, मग, घरी केलंय. पंधरा मिनिटं त्याला रिलेचं महत्त्व समजावलं. तो ऐकत राहिला. वर आलो आणि रडलो.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
नवीन बेत. व्हॅन जिथे सोडते तिथे मी रोज बायकोला घ्यायला जाणार. पायी. तिथून घरापर्यंत बोलायला पुरेसं अंतर आहे, आणि चालताना तिला मागून ओरडावं लागणार नाही. हे आधीच सुचायला हवं होतं. तब्येतीलाही चांगलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
व्हॅनच्या थांब्यावर वेळेआधी जाऊन उभा राहिलो. व्हॅन आली, माणसं उतरली, व्हॅन गेली. बायको उतरली नाही. वाट पाहिली. लॅबमध्ये काम वाढलं असेल म्हणून फोन लावला. फोन माझ्या शेजारी वाजला.

ती डाव्या हाताला उभी होती. म्हणाली, उतरल्यापासून इथेच आहे, बघत होते तुम्हाला मी दिसते का. मग तिनं माझा दंड धरला. डावीकडे पायरी आहे, म्हणाली. पुढे खड्डा आहे. घरापर्यंत एवढंच बोलली.

थांब्यावरचा दिवा फार मंद आहे, त्यासाठी अर्ज करायला हवा, असं लिहायला बसलो होतो. दिवा चांगला होता.