सकाळची वीस मिनिटं

बाबा, आज माझी मलाच किळस आलीय, आणि हे दुसऱ्या कुणापाशी बोलायची सोय नाही. मायला लकवा मारून आठ महिने झाले. पालमला माझ्याकडंच असते ती. तिचं हागणं-मुतणं काढायचं, कचेरी गाठायची, संध्याकाळी परत तेच. डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा ध्यानाला बसायला लागले. तुमच्यासारखं विहारात नव्हे, मोबाइलवर एक बाई मधाळ आवाजात सांगते तसं. कसलाही आवाज आला तर नुसती नोंद घ्या, म्हणते, त्याच्यामागं जाऊ नका. कचेरीत तर मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगत फिरले, मी आता कशी शांत असते ते. थू.

ताडकळसच्या घरात दहावीला असताना मी अशीच बसले होते. पौर्णिमा होती, विहारातली माणसं जेवून गेलेली, मोरीत भांड्यांचा ढीग. आणि मी पांढरा ड्रेस घालून, पाठ ताठ करून, डोळे मिटलेले. तुम्ही येऊन उभे राहता. "ऊठ. तुझी माय एकटी भांडी घासायलीय, ते ऐकू येईना का?" मी म्हणते, श्वास बघायलेय. "श्वास कुठं पळून चाललाय? भांडी घासताना बी त्योच असतोय. हे ध्यान न्हाई, कामचुकारपणा हाय." आणि मग तुम्हीच मोरीत बसून राखेनं भांडी घासायला लागलात. मला लय राग आला होता तुमचा.

आज सकाळी माय हाका मारत होती. "बाई, ये गं, ओली झालेय." मधे नुसता पडदा. मी डोळे मिटून मनात म्हणत राहिले, आवाज, आवाज. चार हाका झाल्या. चारींची नोंद घेतली. वीस मिनिटं पुरी करून गेले तर ती थंडीनं काकडत पडलेली, पार पाठीपर्यंत भिजलेली. मी चादर ओढून काढायला लागले. तिनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "फॅनच्या आवाजात ऐकू आलं नसंल तुला," म्हणाली.

हे तुम्हाला धाडता येत असतं तरी मी धाडलं नसतं. मी तिला हो म्हणाले, बाबा. लाईट पहाटेपासून गेलेली होती. फॅन तिच्या डोक्यावरच आहे, ती बघत होती त्याच्याकडं.