चोवीस तारखेचं पत्र

१८ फेब्रुवारी

चि. मास्तर यास आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला, पण हात मोकळा होईल तर उत्तर लिहीन ना! उतारावर कोवळं गवत डोकं वर काढायला लागलंय. बेचाळीस गाभण मेंढ्या पोटं सांभाळत गव्हाणीशी येतात आणि सगळा दोष माझाच असल्यासारखं माझ्याकडे बघतात. मार्च उजाडला की कोकरं यायला लागतील. गोठ्यात फळ्या ठोकून व्यायला आलेल्या मेंढ्यांसाठी आठ खण केलेत. फळीइतकीच हातोडी माझ्या अंगठ्यावरही बसली.

सूनबाईला आठवा लागलाय, पण स्वस्थ बसेल तर शपथ. तुझा भाचा मे महिन्याआधी काही जहाजावरून उतरत नाही, म्हणजे घरात आम्ही दोघीच. पेंढा पसरायचा, पाणी ओढायचं, सगळ्यात ही पुढे. ओरडले की म्हणते, आई, मीही त्यांच्यातलीच आहे सध्या, मला त्यांची भाषा कळते. काय बोलणार अशा पोरीला?

आता खरं काय ते लिहिते. मागच्या आठवड्यात दोन मेंढ्या गाभडल्या, काल तिसरी. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. मागून पडलेली वार जाड, लालसर, चामड्यासारखी. मी असं कधी पाहिलं नव्हतं. सूनबाईला सांगितलंय की गोठ्यात पाय घसरून पडल्या. तिच्या जिवाला उगाच घोर नको. गुरांच्या कचेरीला मात्र कळवणार नाही. एका खोकल्यावरून त्यांनी बाबांचा अख्खा कळप नेला होता, आणि महिन्याने कागद आला की रोग नव्हताच. पुढे कितीतरी दिवस बाबा रिकामा गोठा रोज झाडत राहिले. तूही पाहिलं आहेस ते.

म्हणून हे तुझ्यापाशीच राहू दे. तुला सांगितलं की छातीवरचं ओझं उतरतं. दुसरं माणूस कोण आहे मला?

वहिनीला आशीर्वाद. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी आक्का

२४ फेब्रुवारी

ती. आक्का हिस मास्तरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. तुझा अंगठा आणि हातोडी यांचं वैर जुनंच आहे. मिटवायला मध्यस्थ म्हणून मला बोलावू नकोस, गेल्या वेळी माझाही अंगठा गेला होता. इथे परीक्षेचे पेपर तपासतोय. मेंढीचे उपयोग सांगताना एकाने लिहिलंय, मेंढी माणसाला दिवसभर कामाला लावते. त्याला पैकीच्या पैकी दिले. हा मुलगा तुला भेटून गेलाय की काय?

मेंढ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. थंडी ओसरतानाची हवा वाईटच असते. बाकी तू लिहिलंस ते माझ्यापाशी आहे, निश्चिंत राहा.

एक मात्र ऐक. सूनबाईला बाळंतपणासाठी आत्ताच इकडे पाठव. हिला झबली शिवायची घाई झालीय, हॉस्पिटलही चार पावलांवर आहे. अगदी येत्या सोमवारी पाठव. आणि तोवर तिला गोठ्याकडे फिरकू देऊ नकोस, या दिवसांत वाकणं बरं नाही असं ही म्हणते.

लोभ आहेच, त्यात घट नको.

तुझा मास्तर

२ मार्च

मास्तर,

शुक्रवारी सकाळी फाटकापाशी कचेरीची गाडी थांबली. गुरांच्या डॉक्टरीणबाई होत्या, रबरी बूट आणि हातमोजे घालूनच उतरल्या. किती मेंढ्या गाभडल्या म्हणून त्यांनी विचारलं. एकही नाही, मी म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. फायलीतून एक कागद काढून विचारलं, जाड, लालसर, चामड्यासारखी, हे तुम्हीच लिहिलंय ना?

माझं अक्षर होतं. माझ्या शाईचा डागही तिथेच होता. वर कचेरीचा शिक्का, आणि शिक्क्यात तारीख तेवीस फेब्रुवारी.

त्या गोठ्यात गेल्या तशी मी घरात आले आणि तुझं पत्र काढून पाहिलं. चोवीस! म्हणजे माझं पत्र कचेरीच्या टेबलावर ठेवून आलास, जेवलास, झोपलास, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्याची थट्टा लिहायला बसलास. माझ्यापाशी आहे, निश्चिंत राहा, असंही लिहिलंस. मी राहिले ना रे निश्चिंत! चार दिवस ते पत्र एप्रनच्या खिशात घेऊन हिंडत होते, कामातून पाठ टेकली की वाचत होते.

मेंढ्यांचं त्यांनी वाचलं ते वाचलं. पण बाबांचा झाडू त्यांनी वाचला असणार. दुसरं माणूस कोण आहे मला, तेही वाचलं असणार. ते मी कचेरीला नव्हतं लिहिलं.

आम्ही गोठ्यात बोलत असताना सूनबाई बादली घेऊन दारात आली. बाई तिला पाहून एकदम थबकल्या. बादली तिथेच ठेव, बाहेर हो, कोपरापर्यंत हात धू, म्हणाल्या. हा रोग माणसाच्या पोटातलं बाळही घेऊन जातो, असंही सांगितलं. सूनबाई माझ्याकडे वळली. तिने एवढंच विचारलं, म्हणजे त्या घसरल्या नव्हत्या? तिन्ही मेलेली कोकरं तिनेच उचलून पुरली होती.

दुपारच्या गाडीने ती तुमच्याकडे निघाली. पिशवी मी उचलायला गेले तर हात मागे घेतला.

फाटकाला ‘रोगाची साथ, आत येऊ नये’ अशी पाटी ठोकलीय. आशीर्वाद लिहायला पेन उचलत नाही.

आक्का

७ मार्च

ती. आक्का हिस सा. न.

हो, मीच दिलं. आठवा आणि चामड्यासारखी, हे दोन शब्द एकाच पत्रात वाचले आणि मला बसवेना. आधी नाव न घेता बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गरोदर बाई त्या गोठ्यात जात असेल तर एक दिवसही थांबू नका. पण लेखी काही असल्याशिवाय मला कुणाच्या फाटकाच्या आत जाता येत नाही, असंही म्हणाल्या. पत्र खिशात होतं. काढून दिलं. दारातून मागे वळून ते परत मागायला गेलो होतो, तोवर शिक्का बसला होता.

तुला आधी विचारायला हवं होतं. पण तू नको म्हणाली असतीस आणि तुझं नको मला आजवर कधी मोडता आलेलं नाही. चोवीसचं पत्र मी भीतीने लिहिलं. तुला सुगावा लागला असता तर तू कळप डोंगरापलीकडे हलवला असतास. नाही म्हणू नकोस, मी ओळखतो तुला.

सूनबाईचं रक्त तपासलं. तिला काही झालेलं नाही, बाळही ठीक आहे. पण ती माझ्याशीही धड बोलत नाही. मामा, तुम्ही कचेरीत गेलात, मला एक ओळ का नाही लिहिलीत, म्हणाली.

रजा टाकून विणीच्या कामाला येऊ का? पूर्वीइतका नको, पण थोडा लोभ शिल्लक असेल तर कळव.

तुझा मास्तर

१९ मार्च

ती. आई यांस सा. न.

माझी तब्येत बरी आहे. मामी खूप करतात. तुम्ही मामांना ‘येऊ नकोस’ म्हणून कळवलंत, म्हणजे सगळं तुम्ही एकटीच उरकताय. डाव्या कोपऱ्यातली, कान फाटलेली मेंढी जुळं देणार आहे, तिला खुराक वाढवा. तिला ढकलाढकली जमत नाही, मागेच राहते.

आई, तुम्हाला रोगाचं नाव माहीत नव्हतं, हे मी मानते. पण त्या घसरल्या नाहीत, हे माहीत होतं. तिसरं कोकरू मी कितीतरी वेळ चोळत बसले होते, श्वास येतोय का म्हणून. तुम्ही दारात उभ्या होतात. मला ऊठ म्हणाला नाहीत.

बाळ झाल्यावर मला वाटेल तेव्हा मी कळवीन. मामांनाही तसं बजावलंय, आणि त्यांनी कबूल केलंय. आता यापुढे माझ्याबद्दल काय कुणाला सांगायचं, ते मी ठरवणार.

काळजी घ्या.

सूनबाई

११ एप्रिल

ती. आक्का हिस सा. न.

काल सकाळी सव्वासहाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तुला कळवू नका, असं तिने पुन्हा बजावलं होतं आणि मी पुन्हा हो म्हटलं होतं. शाळेच्या वाटेवर टपालाच्या पेटीपाशी उभं राहून हे लिहितोय. चूक की बरोबर, ते मला आता कळेनासं झालंय. पण तू आजी झालीस आणि तुला ते ठाऊक नसावं, एवढं मला सोसलं नाही.

तुझा मास्तर

१८ एप्रिल

मास्तर,

मेंढ्यांची वीण उरकली. बाईंनी सगळ्यांना इंजेक्शनं दिली, त्यामुळे आणखी दोनच गाभडल्या. सदतीस व्याल्या, एक्कावन्न कोकरं उतारावर आहेत. तिघांना बाटलीने पाजते. त्या बाई तीनदा येऊन गेल्या. कळप कुणी नेला नाही. तू त्यांना कळवलं नसतंस तर निम्मा गोठा गेला असता, आणि त्या पोरीचं काय झालं असतं ते मी लिहीत नाही. एवढं कबूल करते.

दारात उभी होते, तेही खरं आहे. ती कोकरू चोळत होती आणि मला वाटत होतं, चुकून श्वास आलाच तर मला काही सांगावं लागणार नाही. हे मी तिला चार वेळा लिहिलं आणि चारही कागद चुलीत घातले. पाचवा आज टपालात टाकलाय. त्यात बाळाचा उल्लेख नाही, कारण मला काही माहीतच नाही.

तुझ्याबद्दल लिहायचं तर तू पुन्हा तेच केलंस. त्या पोरीने तुझ्यावर विसंबून सांगितलं, आणि तू दुसऱ्याच दिवशी टपालाची पेटी गाठलीस. मनातलं तुला लिहायचं ही माझी जन्माची सवय होती, ती आता मोडली. ती परत येईल असं वाटत नाही. हवापाणी लिहीत जाईन.

तरी बाळ कुणावर गेलंय ते लिही. वजन किती भरलं, केस आहेत का, रडते तेव्हा आवाज खणखणीत असतो का. सगळं सविस्तर लिही. आणि तिला कळू देऊ नकोस.

आक्का